बरणीतले कान

आमच्या फ्रिजवर एक काचेची बरणी असायची. लोणच्याची, पिवळ्या झाकणाची. फ्रिज चालू झाला की ती थरथरायची आणि आतले खडे एकमेकांवर घासून वाजायचे. किर्र, किर्र, अगदी बारीक. नवरा म्हणायचा, "खाली ठेव ना ती, डोकं उठतं." मी काही ती खाली ठेवली नाही. तो आवाज मला आवडायचा असं नाही, भीतीच वाटायची. पण तो बंद पडला तर जास्त भीती वाटेल, असं मनात यायचं.

ते खडे म्हणजे माशांचे कान होते.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल बाईचं डोकं फिरलंय. ढोमा म्हणून समुद्रातला एक मासा असतो. त्याच्या डोक्यात दोन बाजूंना दोन पांढरे टणक खडे असतात, त्यांनीच त्याला ऐकू येतं. आणि हा मासा बोलतोही. पोटातल्या हवेच्या पिशवीवर आतून ढोल बडवल्यासारखा आवाज काढतो. अंडी घालायच्या दिवसांत खाडीच्या तोंडाशी जमतात तेव्हा सगळे मिळून बोलतात. माझे बाबा त्या दिवसांत होडी थांबवायचे, वल्हं पाण्यात उभं धरायचे आणि त्याच्या वरच्या टोकाला कान लावायचे. मी सात-आठ वर्षांची असेन, एकदा मलाही नेलं होतं. मी कान लावला. लाकडातून घुमत घुमत आलं. कुठल्यातरी बंद खोलीत पुष्कळ माणसं एकदम बोलतायत आणि एकही शब्द कळत नाही, तसं. मी दचकून कान काढला.

बाबा हसले. म्हणाले, "घाबरा नको गो. घरात आसत म्हणान बोलतत. गप झाले, तर मगे घाबर."

बाबा गेले त्या वर्षी माझी सातवी झाली होती. आठवीच्या वर्गात मी गेलेच नाही, आईबरोबर मासळीच्या लिलावाला उभी राहू लागले. पुढं लग्न होऊन इथं संभाजीनगरला आले. नवरा बर्फाच्या कारखान्यात आहे. समुद्र इथून एवढा लांब, की पहिल्या वर्षी मला वारा कुठल्या बाजूनं येतो तेच कळायचं नाही. नळाला पाणी यायचा वार ठरलेला. त्या वारी सगळी गल्ली हंडे, ड्रम, बादल्या घेऊन धावते. मी ड्रम भरताना पाण्यात हात घालून बसायची, तेव्हा शेजारीण म्हणायची, "काय वो, मासोळी झालात की काय? निघा आता, माझा नंबर हाय."

शहागंजच्या पलीकडं एका गाळ्यावर मी मासे कापायचं काम धरलं. गाळा ज्यांचा, त्यांना सगळे भाईच म्हणतात. इथं जास्त खप धरणातल्या माशांचा, रोहू आणि कटल्याचा. पण सकाळी उजाडता उजाडता थर्माकोलची खोकी घेऊन गाडी येते, त्यात बर्फात घातलेली समुद्राची मासळी असते. खोक्यावर निळ्या खडूनं अजूनही औरंगाबादचा 'औ' लिहिलेला असतो, शहराचं नाव बदललं तरी. झाकण उघडलं की गार वाफ तोंडावर येते आणि क्षणभर मी घरी असते. मग कुणीतरी विचारतं, "ओ ताई, ह्ये समिंदराचं हाय का धरणाचं? आमच्या म्हातारीला काटं चालत नाय." आणि मी परत इथं.

मॅडम पहिल्यांदा आल्या तेव्हा गिऱ्हाईक वाटल्या. सुती साडी, पायात बूट, हातात लाकडाची पट्टी लावलेली फळी. त्यांनी ढोम्याकडं बोट केलं. मी विचारलं, "कापून देऊ?"

"नको. फक्त मोजायचाय."

भाईंनी मान वर केली. "क्या मॅडम, मछली का कुर्ता सिलाना है क्या?"

मॅडम हसल्या नाहीत, पण रागावल्याही नाहीत. त्यांनी मासा फळीवर ठेवला, तोंड लाकडाला टेकवलं, शेपटीपाशी वाकून आकडा पाहिला आणि वहीत लिहिला. मग दुसरा. बाराव्या माशाला त्यांचे हात बर्फानं लाल झाले. माझ्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "तुम्ही लिहा, मी ठेवते."

अशी सुरुवात झाली. मॅडम इथल्याच, मोठ्या शिकलेल्या घरातल्या. आयुष्यभर किनाऱ्यावर राहून त्यांनी एकच काम केलं. समुद्रात मासा किती उरलाय, तो नीट वाढतोय का, आपण काढतो तेवढा परत भरून येतो का, हे पाहायचं. आई अंथरुणाला खिळली म्हणून त्या घरी परत आल्या होत्या. त्यांनी जन्मात मासा खाल्लेला नाही. "आई अजून मला हात-पाय धुतल्याशिवाय आत घेत नाही," म्हणाल्या. "तिला वाटतं मी बँकेत असते तर बरं झालं असतं."

मी विचारलं, मग इथं कशाला मोजता, समुद्र सोडून? तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते माझ्या मनातून कधी गेलं नाही. बंदरावर मोजायला माणूस येणार हे कळलं की बारकी मासळी तिथं दिसतच नाही. तिची खोकी रातोरात गाडीत चढतात. "ती कुठं जाते?" मॅडम म्हणाल्या. "जिथं कुणी विचारत नाही तिथं. म्हणजे इथं."

तेव्हापासून सकाळी खोकं उघडताना मला वाटायचं, ही मासळी समुद्रातून पळवून आणून इथं डोंगरात लपवलीय. आणि लपवणाऱ्यांत मीही आहे.

थोड्याच दिवसांत मॅडमनी फळी माझ्याकडंच सोपवली. आईला सोडून त्यांना रोज येणं जमत नव्हतं. त्यांनी एक छापील तक्ता दिला. लांबी, वजन, आणि पोटाची अवस्था, एक ते चार. एक म्हणजे पोट रिकामं, कोवळं. चार म्हणजे गाबोळीनं, म्हणजे अंड्यांनी, गच्च भरलेलं. काही माशांचे खडेही काढून, लांबी लिहिलेल्या कागदी पुडीत घालून द्यायचे. त्या खड्यावर झाडाच्या खोडावर असतात तशी कडी असतात, वर्षाला एक. खाली एक रेघ होती, 'मोजणार', आणि तिथं मी सही करायची. मी म्हटलं, मॅडम, मी सातवीपर्यंतच शिकलेय. त्या म्हणाल्या, "मासा कुठल्या इयत्तेपर्यंत शिकलाय?" आणि मला बसायला एक प्लास्टिकची खुर्ची घेऊन दिली. त्या बाजारात मी तोपर्यंत पाटावर बसूनच सगळं करत होते. खुर्चीवर बसले त्या दिवशी कमरेपेक्षा छातीत जास्त दुखलं, असं काहीतरी झालं. मी अजून कधी त्यांना नीट सांगितलेलं नाही.

मला आधीपासूनच धास्तीची सवय. गॅस बंद केला का हे तीनदा बघते. ही पट्टी हातात आल्यावर तर काही विचारू नका. बर्फानं पट्टी आखडत असेल का? तोंड नीट टेकलंय का? एक मासा दोनदा मोजला का? पाच हा सहासारखा दिसतोय का? भाई म्हणायचे, "ताई, इत्ता नापके क्या करना? मरी सो मरी." मी तरी परत मोजायची. मॅडमच्या कामात माझ्यामुळं काडीची खोट यायला नको, एवढंच डोक्यात.

आणि त्या सगळ्या धास्तीत मी रोज एक गोष्ट चुकत होते, आणि ती मला चूक वाटतच नव्हती.

आमच्या वाडीत भरल्या पोटाचा मासा मोजत नाहीत. तराजूत घालत नाहीत, वितीनंसुद्धा मापत नाहीत. पोटुशी बाईला कुणी मोजतं का? नजर लागते. आई लिलावाच्या आधी पाटीवरून हात फिरवायची आणि गाबोळीवाले बोटांनीच ओळखून बाजूला काढायची. ते अंदाजानं द्यायचे. आणि ढोमा असेल तर कापताना त्याचे खडे काढून ठेवायचे, नारळी पुनवेला खाडीत सोडायचे. आई म्हणायची, "भरल्या पोटाचा खाल्लास, तर त्याचे कान तरी परत कर. नायतर दर्या आयकूचो थांबता."

मी हे इथंही करत होते. खोकं उघडलं की हात आपोआप फिरायचा. फुगलेलं पोट लागलं की मासा बाजूच्या टोपलीत. उरलेले फळीवर. तक्ता भरायचा, सही करायची. टोपलीतले ढोमे गिऱ्हाइकाला कापून देताना दोन्ही खडे काढायचे, धुवायचे, पदराच्या गाठीत बांधून घरी आणायचे, बरणीत टाकायचे. गावी जाईन तेव्हा खाडीत सोडीन. पण गावी जाणं काही होत नव्हतं, आणि बरणी भरत चालली होती. तळाला बाबांनी मला दिलेला एक जुना खडा होता, चिंचोक्याएवढा. त्यावर हे सगळे हरभऱ्याच्या डाळीएवढे, तुरीच्या डाळीएवढे. पुढं पुढं तर मुगाच्या डाळीएवढे.

ते बारीक होत चाललेत हे माझ्या डोळ्यांना दिसत होतं. डोक्यापर्यंत पोचत नव्हतं.

एक दिवस मॅडमनी मला घरी बोलावलं. टेबलावर माझे तक्ते पसरलेले. म्हणाल्या, किनाऱ्यावरच्या एका गावच्या मच्छीमार सोसायटीनं त्यांचं मत मागितलंय. खाडीच्या तोंडावर ढोम्याचं जाळं चालू ठेवावं की अंडी घालायचे महिने बंद ठेवावं? त्यांनी गावाचं नाव सांगितलं. माझंच गाव. माझा भाऊ त्याच खाडीच्या तोंडावर जाळं टाकतो, त्यावरच त्याचं घर चालतं.

"तुमच्या तक्त्यात लहान ढोमे पुष्कळ आहेत, पण गाबोळीवाला एकही नाही," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे ही अजून पिल्लंच आहेत. अंडी घालणारे मोठे बाहेर खोल पाण्यात असणार. तेव्हा जाळ्याचं भोक मोठं केलं, पिल्लं सुटली, की पुरे. बंद करायची गरज दिसत नाही. मला जरा नवल वाटतंय, पण आकडे तर तुमचे चोख असतात."

चोख म्हणाल्या. मी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता, तो खाली ठेवताना बशीत सांडला. आनंदानं, असंच मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

घरी येऊन भावाला फोन लावला. तो आधी चिडवायचाच. "काय गो बाय, डोंगरात बसान आमचे मासे मोजतस? सातवी पास मास्तरीण!" पण जाळं चालू राहणार हे ऐकून खूश झाला. "बरा झाला. तुझ्या मॅडमीक एक सुरमई पाठवतंय."

"त्या मासे खात नाहीत."

"खायत नाय? मगे मोजता कित्याक?"

आम्ही दोघंही पुष्कळ दिवसांनी पोट धरून हसलो.

त्यानंतर आठवडा गेला असेल. सकाळी गाडीतून एक खोकं उतरलं आणि त्याच्या दोरीची गाठ पाहून माझा हात थांबला. दुहेरी फास, आणि वरून एक उलटा वेढा. ती गाठ बाबांची. आमच्या घराबाहेर कुणी तशी बांधत नाही. भावाचं खोकं, त्याच्या जाळ्यातलं. एवढ्या वाटा पार करून, न सांगता सवरता, माझ्याच फळीसमोर येऊन बसलेलं. गाठ सोडताना मला उगाच वाटलं की दार वाजवून आपल्या घरात जावं तसं काहीतरी करायला हवं.

झाकण काढलं. ढोमे. माझ्या वितीएवढे. काही तर वितीलाही कमी. मी सवयीनं हात फिरवला. पहिला, पोट भरलेलं, टोपलीत. दुसरा, टोपलीत. तिसरा. चौथा. हात चालत राहिला. वरचा थर संपला, बर्फ, मग खालचा थर. सगळे टोपलीत. एवढाले एवढाले जीव, आणि प्रत्येकाचं पोट ताणून गच्च, कातडीतून गाबोळीचा पिवळा रंग दिसतोय. मधेच टोपलीतून आवाज आला. गुर्र. एकदा, आणि मग थोडं थांबून परत एकदा. वरच्यांच्या भारानं खालच्याच्या पोटातली हवा सुटली असणार, हे मला कळतं. दीड दिवस बर्फात पडलेला मासा बोलत नाही, हेही कळतं. तरी मी खुर्ची मागं सरकवली.

"क्या हुआ, ताई?" भाईंनी विचारलं.

"काही नाही."

समोर फळी. पट्टी कोरडी, एक थेंब नाही तिच्यावर. तक्ता कोरा. शेजारी टोपली काठोकाठ. मी पेन हातात घेतलं, कारण सही तर करायला हवी होती. सवयीप्रमाणं लिहायचं झालं तर मला लिहावं लागणार होतं की आज ढोमा आलाच नाही.

तिथं, पेन टेकवता टेकवता, मला कळलं की गेले कित्येक महिने मी काय करत होते. लहान ढोम्यांत गाबोळीवाला एकही नाही, असं मॅडम म्हणाल्या होत्या. नसणारच. मीच एकेक करून बाहेर काढले होते. ही पिल्लं नव्हती. ह्याच आया होत्या. बाहेर खोल पाण्यात कुणी मोठे बसलेले नव्हते.

त्या दिवशी मी सही केली नाही. तक्ता घडी घालून पिशवीत टाकला. टोपलीतल्यांचे खडे तेवढे नेहमीसारखे काढून घेतले. मुगाच्या डाळीएवढे.

चार दिवस मी कुणाला काही बोलले नाही. बोलावं तर भावाचं जाळं बंद. न बोलावं तर मॅडमचं पत्र जाणार, जाळं चालू राहणार, आणि त्या टोपलीत जे होतं ते संपलं की मग काहीच उरणार नाही, भावालाही नाही. शिवाय मॅडम! ज्या बाईनं मला खुर्ची दिली, तिला जाऊन सांगायचं की तुमच्या चोख आकड्यांत मी पहिल्या दिवसापासून भोक पाडून ठेवलंय. ती फळी परत मागेल. मागणारच. स्वयंपाक करताना, मुलीचा डबा भरताना, ड्रम भरताना डोक्यात हेच. फ्रिज चालू व्हायचा, बरणी वाजायची, आणि मला वाटायचं, एवढे कान आहेत तिच्यात, आणि मी गप्प बसलेय हे सगळे ऐकतायत.

पाचव्या दिवशी सकाळी भावाला फोन केला. तो होडीवर होता, काठापासून फार लांब नसेल, रेंज होती. मी म्हटलं, "वल्ह्याला कान लाव."

"खुळावलंस काय? आता मशीन आसा. पडद्यार दिसता सगळा."

"मशीन राहू दे. बाबा लावायचे तसा लाव. आणि मग फोन लाव तिथं."

तो कुरकुरला. मग लाकडाचा खडखडाट झाला, मग पाणी. मी ओट्याला टेकून, एक कान बोटानं बंद करून उभी होते. पाण्याचं चुळचुळ ऐकू येत होतं. त्याच्या मागं मी शोधत राहिले. ती बंद खोली, त्या खोलीतली माणसं. खोली होती. पण आत कुणी नव्हतं. किती वेळ गेला काय माहीत. आणि मग एकदम किर्र, किर्र सुरू झालं. फोनमधून नव्हे, माझ्या डोक्यावरून येत होतं. फ्रिज.

"काय आयकाक येता?" भावानं विचारलं.

"नाही. तुला?"

वल्हं होडीत ओढून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "कालपण नाय."

"म्हणजे तू ऐकतोस?"

"रोज," तो म्हणाला. "मशीन लावच्या आधी. बाबांची सवय." मग हळू आवाजात, "बारके गावतत गो. पोटात गाबोळी. पण बोलना नाय एकपण."

मी त्याला सगळं सांगितलं. टोपलीचं, तक्त्याचं, आणि मी आज मॅडमकडं जाणार आहे तेही. जाळं बंद होईल, म्हटलं.

"आणि आमी खावचा काय? तुझी मोजपट्टी?" आणि फोन कट.

मी बरणी पिशवीत घातली. रिक्षात ती मांडीवर धरली होती तरी वाजत होती. रिक्षावाला दोनदा आरशातून बघून शेवटी म्हणाला, "ताई, साप-बीप तर नाय ना पिशवीत?"

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. आतून त्यांच्या आईचा खोकला ऐकू येत होता.

"किती दिवस असं?"

"पहिल्या दिवसापासून."

"म्हणजे मी जे लिहिलं ते सगळं उलटं आहे."

मी उभीच होते. त्यांनी बसा म्हटलं नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, त्या नुसते माझे तक्ते गोळा करत होत्या. "तुमचा दोष नाही," शेवटी म्हणाल्या. "मी विचारायला हवं होतं, की तुम्ही कुठला मासा मोजत नाही? हा प्रश्न मी कुणालाच कधी विचारला नाही. पण आता काय? ते मासे तर गेले. पोटात गेले लोकांच्या."

तेव्हा मी बरणी काढली. "मासे गेले. हे आहेत."

त्यांना आधी कळलं नाही. मग त्यांनी झाकण काढलं, एका स्टीलच्या ताटात ती ओतली. पाऊस पडावा तसा आवाज झाला. त्यांनी चिमट्यानं एक उचलला, उजेडात धरला.

"हे सगळे भरल्या पोटाचे?"

"सगळे. एक तळातला सोडून."

"दोन्ही बाजूंचे ठेवलेत?"

"दोन्ही. एकच कान परत करून कसं चालेल?"

आता त्या म्हणाल्या, "बसा." खड्याच्या लांबीवरून माशाची लांबी काढता येते, हे त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं. मी पुडीत घालून दिलेले खडे आणि त्यांवरच्या लांब्या होत्याच, त्यावरून हिशेब जुळत होता. मी न मोजलेले सगळे मासे त्या ताटात पडलेले होते. नजर लागू नये म्हणून लपवलेले, आता एकेक करून चिमट्यात येत होते. मी मनात त्यांची माफी मागत होते. आईचीही.

काही खडे त्यांनी मधोमध कापले, घासले, भिंगाखाली धरले. कडी मोजताना त्यांचे ओठ हलायचे. एक. एक. दोन. एक. एक. एक. मग बाबांचा खडा घेतला. त्याला फार वेळ लागला. पेन्सिलनं कागदावर टिंबं काढत गेल्या. "अकरा," म्हणाल्या. "अकरा वर्षं तो त्या पाण्यात होता. आता कुणी एवढं राहत नाही. मोठे मोठे काढत गेलो ना, की उरलेल्यांत घाई शिरते. वाढायचं सोडून अंडी धरतात. वेळ मिळणार नाही, असं कुणी सांगितल्यासारखं."

मी ताटाकडं बघत होते. माझी मुलगी झाली तेव्हा मी सतरा वर्षांची होते. बाबा गेल्यावर आमच्याही घरात अशीच घाई शिरली होती. हे मी मॅडमना सांगितलं नाही.

"आवाज का येत नाही मग?" मी विचारलं. "आहेत तर बोलत का नाहीत?"

"लहानाचा आवाज लहान. शिवाय थोडेच उरले असतील, तर..." त्यांनी चिमटा खाली ठेवला. "किंवा बोलत असतील. आपल्याला ऐकू येत नसेल."

पत्र नवं लिहिलं गेलं. सोसायटीत भांडणं झाली म्हणतात, खुर्च्या उचलल्या गेल्या. पण शेवटी या हंगामात अंडी घालायचे महिने खाडीच्या तोंडावर जाळं टाकायचं नाही असं ठरलं. भाऊ दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून लांब जायला लागला. माझा फोन तो उचलत नव्हता. मी रोज सकाळी एकदा करायची, तीनदा वाजला की ठेवायची.

मॅडमनी फळी परत मागितली नाही. तक्त्यात एक रकाना वाढवला, 'न मोजलेले', आणि त्याच्याकडं बोट दाखवून म्हणाल्या, "हा रिकामा राहायला हवा." आता मी भरल्या पोटाचा मासा सगळ्यात आधी फळीवर घेते. लांबी घेताना पोटावर ओला फडका ठेवते, तेवढंच झाकलं जावं म्हणून. भाई हसले नाहीत त्याला. एक दिवस त्यांनीच नवा फडका आणून दिला. कापलेले खडे मॅडमकडं आहेत, बाकीचे बरणीत परत आले. अर्धी झालीय ती, वाजते तशीच. बाबांचा खडा मॅडमनी ठेवून घेतला. त्यांच्याकडं एवढा जुना दुसरा नव्हता. मागताना त्यांचा आवाज असा झाला, की मीच कागदात बांधून दिला.

बंदीचे महिने संपत आले होते. सकाळची वेळ, खोकी नुकतीच उतरली होती, माझे हात बर्फात. फोन वाजला. भावाचं नाव दिसलं आणि मला पहिल्यांदा वाईट काहीतरीच सुचलं. तसेच ओले हात पुसून कानाला लावला.

"खाडीच्या तोंडार आसय," तो म्हणाला. नेहमीसारखं चिडवणं नाही, काही नाही. "जाळा नाय हां. फक्त वल्हा घेवन इलंय. आयक."

लाकूड खडखडलं. मग पाणी.

मी हातानंच भाईंना खूण केली. ते कुणाशी तरी दरावरून वाद घालत होते, ते थांबले, आणि गिऱ्हाइकालाही म्हणाले, "चुप बैठो जरा, ताई का समंदर बोल रा." गाळ्यावर तेवढं शांत झालं. मी डोळे मिटले. पाण्याचं चुळचुळ. त्याच्या मागं ती खोली. आणि त्या खोलीत, फार आत, कुणी घसा खाकरावा तसं काहीतरी. एकदा. की मला हवं होतं म्हणून झालं, की भाईंच्या तराजूचं तागडं हललं. मी श्वास धरून राहिले.

"आयकलंस?" भाऊ म्हणाला. त्याचा आवाज लहानपणीसारखा झाला होता.

हो म्हणावंसं फार वाटलं. जिभेवर आलं होतं. पण जे पट्टीवर दिसतं तेवढंच लिहायचं, अशी मला सवय लागलीय.

"नक्की नाही," मी म्हटलं. "परत लाव."